वाढीला वाटेकरी

हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला किमान वेतन वाढल्याचं कळलं, तेव्हा तिने हातातली चादर टाकून शेजारी काम करणाऱ्या बाईला मिठीच मारली. पण घरी पोहोचेपर्यंत त्या आनंदाला गळती लागली. घरमालकाने जिन्यातच गाठलं. "पगार वाढला म्हणे! मग भाड्याचंही बघावं लागेल."

"माझ्या पगाराची दवंडी पिटलीय का कुणी?" ती नवऱ्यावर उखडली.

त्यात भर म्हणून थोरली नणंद. ती मागच्या गल्लीत एकटी राहायची आणि दिवसभर यांची पोर सांभाळायची, पैसे घेऊन. पोरीला आणायला गेल्यावर नणंद शांतपणे म्हणाली, "आता मलाही वाढवून दे."

"ताई, तुम्हीसुद्धा? घरच्या माणसाने तरी..."

"घरचं माणूस काय वारा खाऊन जगतं? माझं भाडं नाही वाढलं?"

"अहो, वाढ अजून हातात पडली नाही, तोवर संपलीसुद्धा!"

"मग दुसरी बघ कुणी. स्वस्तात मिळाली तर मलाही सांग."

घरी आल्यावर नवऱ्याने कांदा चिरता चिरता अंग काढून घेतलं. "तुम्हा दोघींचं तुम्हीच बघा."

"बहीण तुमची आहे!"

"पगार तुझा आहे."

रात्रभर ती धुमसत राहिली. नणंद चुकत असती तर कचकचून भांडता आलं असतं. पण गुडघा दुखत असताना ती पोरीला कडेवर घेऊन फिरते, हे दिसत होतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

सकाळी पोरीला सोडताना ती बोलून गेली, "ताई, खोली सोडा नि आमच्याकडे या. दोन घरमालक पोसण्यापेक्षा एकच पोसू."

"तू नि मी? एका स्वयंपाकघरात?"

"मला तरी कुठे हौस आहे!"

महिनाअखेरीस नणंद दोन ट्रंका आणि शिलाई मशीन घेऊन आली. नवऱ्याचं अंथरूण दाराजवळ गेलं.

इकडे लाँड्रीत वाढीव पगाराचं निमित्त करून मॅनेजरने एका बाईला कमी केलं, तिच्या चादरीही हिच्याच गळ्यात पडल्या. संध्याकाळी कंबर धरून घरी आली, तर स्वयंपाकघरातले सगळे डबे जागचे हललेले.

"ताई, मीठ कुठंय?"

"जिथे असायला हवं तिथे."

दात-ओठ खात तिने एकामागून एक डबे उघडले. मीठ पाचव्यात सापडलं.