चेंडू सुटल्यानंतर

सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेत कुणी नसतं, म्हणून आम्ही तिघं गेलो. भिंगरी माझ्या कडेवर, तिची बाटली माझ्या पर्समध्ये आणि मागून काठी टेकत हा. हा म्हणजे भिंगरीचा बाबा, गोल्फ शिकवणारा. पाठीच्या ऑपरेशनपासून त्याचा डावा पाय त्याचं ऐकत नाही. गोल्फ क्लबच्या सेक्रेटरींनी उद्या बोलावलं होतं. "मास्तर, चेंडू मारून दाखवता आला तर या, जागा तुमचीच," असं म्हणाले होते. नाहीतर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही.

माझं काम सोपं वाटतं. खेळाडूच्या अंगावर चमकते ठिपके चिकटवायचे, कॅमेऱ्यांनी त्याचा स्विंग, म्हणजे फटका मारतानाची हालचाल, टिपायचा आणि त्यावरून कॉम्प्युटरमध्ये हाडास्नायूंचा माणूस उभा करायचा. मग तो माणूस न दमता क्लब, म्हणजे चेंडू मारायचा दांडा, फिरवत राहतो आणि आपल्या अटींत बसणारा स्विंग शोधून काढतो. याची मापं माझ्याकडे लग्नाआधीपासूनची होती. "एकेक ठिपका तीन-तीनदा चिकटवत होतीस," हा अजून चिडवतो. त्या मापांत मी डाव्या पायाची ताकद फिजिओने मोजली तेवढीच ठेवली आणि मणक्यांवर जास्त भार नको अशी अट घातली. बरेच दिवस उत्तरच येईना. शेवटी मी एक अट काढून टाकली. काल उत्तर आलं.

"बघू तरी माझा अवतार," तो खुर्चीत टेकत म्हणाला.

"तुझ्यापेक्षा बारीक आहे."

"तुझ्या हातचं जेवत असेल."

मी कळ दाबली. पडद्यावरचा सांगाडा कमरेत वळला, क्लब वर गेला, सपकन खाली आला, चेंडूला लागला. तिथेच थांबला.

"लागला की गं!" त्याने माझं मनगट धरलं. त्या बोटांतला असा जोर मी विसरूनच गेले होते. "स्वच्छ लागला!"

मी हसले. आम्ही मॉडेल नेहमी चेंडूपाशीच थांबवतो. चेंडू सुटल्यावर माणसाचं काय होतं, त्याने चेंडूला काही फरक पडत नाही.

"पुढचं दाखव."

"पुढे काही नाही रे. इथेच संपतं."

"असं कसं संपेल? मी पोरांना काय सांगत आलो? मारल्यावर चेंडूमागे पळू नका, आधी स्वतःच्या पायांकडे बघा. उभे असाल तर मारलंत."

"उशीर होतोय. हिची झोपेची वेळ..."

"भिंगरे, झोप आली?"

भिंगरीने जोरजोरात मान हलवली. फितूर कार्टी.

"दाखव," तो हळूच म्हणाला.

मी मॉडेलची वेळ पुढे ढकलली. काल एकटी होते, तेव्हा हे करायचा धीर झाला नव्हता. सांगाडा वळला, त्याने चेंडू मारला, सगळं वजन डाव्या पायावर आलं आणि पाय गुडघ्यात दुमडला. सांगाडा तोंडावर आपटला. तो पडता पडताच मारत होता. अंग लोटून दिल्याशिवाय तेवढा जोर त्याच्याकडे नव्हताच.

"पडायचं नाही अशी अट घाल ना."

"घातली होती," मी म्हणाले. "म्हणून तर उत्तर येत नव्हतं."

तो काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. पंख्याखाली कुणाचे तरी कागद फडफडत होते.

तेवढ्यात भिंगरी खिदळली. "पल्ला!" तिने टाळ्या पिटल्या. "पुना!"

मी पडदा बंद करायला हात पुढे केला. त्याने तो बाजूला सारला. भिंगरीला उचलून घेणं त्याला जमत नाही, म्हणून तिला गुडघ्याशी उभी केली आणि तिचं बोट आपल्या बोटात घेऊन कळ दाबली.

सांगाडा पडला. ती पोट धरून हसली. "पुना!"

"पुन्हा? बरं, पुन्हा."

तिचं हसू सरेपर्यंत तो सांगाड्याला पाडत राहिला. आणि दर वेळी, क्लब खाली यायच्या जरा आधी, खुर्चीतल्या खुर्चीत त्याचा उजवा खांदा फटका मारल्यासारखा वळत होता.