डोळे उघडणारा कुंचला

मीरासाबला मुलगी झाली, नजीरा, ते १९०८ साल. त्याच साली मी तयार झालो. मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे, मुंगसाच्या केसांचा.

कोल्हापुरात फक्रुद्दीन उस्तादांच्या चित्रशाळेत माझं एकच काम होतं, डोळे काढायचं. चेहरा, दागिने, शालू सगळं त्यांचा शागीर्द मीरासाब रंगवी. डोळे मात्र उस्तादांनीच उघडायचे, असा तिथला रिवाज. मी त्यांच्या फेट्यात खोचलेला असे. लोक म्हणत, "डोळं बघूनच कळतंय, कुणाचा हात हाय!" मला फार अभिमान वाटे.

नजीरा दोन वर्षांची असताना तिची आई हाफिजा क्षयाने अंथरुणाला खिळली. पोरीला पुढे आईचा चेहरा दिसावा, म्हणून मीरासाबने तिचं चित्र केलं. हाफिजा डाव्या डोळ्याने किंचित तिरळी होती.

"उस्ताद, हिचं डोळं तेवढं मला काढू द्या."

"का रं? मी मेलो काय? माझ्या उस्तादानं मला मरंपतूर डोळ्याला हात लावू दिला न्हाय." असं म्हणून त्यांनी मला फेट्यातून उपसलं आणि दोन लांबट, सरळ, देखणे डोळे काढले.

"ती तिरळी हाय, उस्ताद."

"असंल घरात. माझ्या हातनं तिरळी बाई न्हाय निघायची."

हाफिजाने चित्र पाहिलं. "ही कोण बया? मी जिती असताना दुसरी आणलीसा व्हय?" ती हसली, मग खोकतच राहिली. महिन्याभरात ती गेली.

उस्ताद हयात असेतो मीरासाबने त्या डोळ्यांना हात लावला नाही. १९१५ साली ते वारले आणि मी त्याच्याकडे आलो. त्याने चाकूने ते डोळे खरवडले आणि मला रंगात बुडवलं. डोळे उतरले ते लांबट, सरळ. पुन्हा खरवडले. पुन्हा तेच. हाफिजाची नजर त्याला आठवेना, आणि हाताला दुसरं काही येईना.

नजीरा कंटाळली. "अब्बा, किती येळा खोडतासा? हीच की अम्मी!"

त्याने मला न धुताच कोपऱ्यात भिरकावलं. रंग वाळून माझे केस दगडासारखे झाले.

मित्रांनो, काम झालं की कुंचला धुऊन ठेवत जा. आणि हाताखालच्या माणसाला एखादा डोळा त्याच्या मनासारखा काढू द्या, बिघडला तरी चालेल.

मीरासाबने परत चित्र काढलं नाही. १९१८ च्या तापाच्या साथीत तो मेला.