वाढलं तरी तेवढंच

"गेली! बाई, गेली की हो!" तराजूमावशी खुर्चीतून अर्धवट उठली. "आत्ता इथं होती. मांजरीचा फोटो. माझ्या डोळ्यांदेखत गेली!"

"आधी बसा," टायपिंगबाई म्हणाल्या. "गेली नाही. ओढता ओढता तुम्ही मध्येच बोट सोडलंत, म्हणून शेजारच्या फोल्डरमध्ये पडली. उघडा तो."

मावशीने उघडला. मांजर तिथे निवांत बसली होती.

"शेजाऱ्याच्या घरात शिरलीस होय गं!" मावशी पडद्यावरच ओरडली. तिचा जीव भांड्यात पडला. "मांजरीची जातच ती. हिला कुठलं दार बंद?"

टायपिंगबाई तळमजल्यावर राहायच्या. एके काळी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर गेले, क्लास गेला, पण शिकवण्याची खुमखुमी काही गेली नव्हती. रोज दुपारी त्या हातात पेन्सिल घेऊन वर यायच्या, आणि मावशीचं बोट भलत्याच बटणाकडे निघालं की टेबलावर टक् करून ती पेन्सिल आपटायच्या. फी म्हणून एक कप चहा. तोही पाणचट झाला तर तोंडावर सांगायच्या.

मावशीचं म्हणाल तर तिचा उभा जन्म कारखान्याच्या कँटीनमध्ये वाढण्यात गेला होता. हातात पळी, समोर पातेलं, आणि पातेल्यापलीकडे ताटल्या घेऊन उभी असलेली मारुतीच्या शेपटासारखी रांग. साहेब असो की झाडूवाला, पळी सारखीच भरायची. कुणी लाडीगोडी लावली म्हणून थेंब जास्त नाही, कुणी भांडलं म्हणून थेंब कमी नाही. कामगारांनी तिचं नाव तराजूमावशी ठेवलं, ते पुढे गल्लीनेही उचललं. पण या तराजूला आतून एक धास्ती कायमची असायची. रांगेतल्या शेवटच्या माणसाला पुरेल ना? पातेल्याचा तळ दिसायला लागला की ती रांगेतली डोकी मोजायला लागायची. निवृत्त झाली तरी स्वप्नात रांग आणि तळच यायचे.

फोल्डर म्हणजे काय, हे मात्र तिला चुटकीसरशी कळलं. "डबे हो! डब्यात डबा, त्यात डबी." मग काय, ती सुटलीच. मुलांनी हा जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवल्यापासून त्याच्या पडद्यावर फोटो, बिलं, रिपोर्ट असा सगळा बाजार पसरलेला होता. तो तिने आवरायला घेतला. पहिल्या दिवशी बाई येऊन बघतात तो नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन, नवीन फोल्डर तीन, अशी पलटण उभी.

"हे काय? पोरांना नावं नकोत का? उद्या हाक कशी मारणार?"

दुसऱ्या दिवशी नावं आली. 'लग्नातले', 'डॉक्टर', 'माणूस ओळखीचा पण नाव आठवत नाही', 'नंतर बघू'. शेवटच्या दोघांत खच्चून गर्दी झाली होती. मावशीचा आनंद गगनात मावत नव्हता. पेपरवाला बिल मागायला आला, त्याला तिने हाताला धरून आत आणलं आणि डब्यातल्या डब्यातली डबी उघडून त्याचंच बिल काढून दाखवलं. बिचारा पैसे मागायचंच विसरला.

फक्त एका फोल्डरला तिने हात लावला नव्हता. त्याचं नाव होतं 'बाबांच्या टेप'.

तिचा नवरा रेडिओ दुरुस्त करायचा. कुणीतरी दुरुस्तीला टाकून परत न नेलेला एक टेपरेकॉर्डर त्याने घरी आणला होता. मुलं लहान असताना तो त्यांना रोज एक गोष्ट सांगायचा, मनानेच रचलेली, आणि हौसेने टेपही करायचा. तो वारला तेव्हा मावशीने घरातल्या सगळ्या वस्तूंची लेक आणि लेक, म्हणजे मुलगी आणि मुलगा, यांच्यात काटेकोर वाटणी केली. चादरी, भांडी, अगदी त्याचे स्क्रूड्रायव्हरसुद्धा एक इकडे, एक तिकडे. घोडं अडलं ते टेपांवर. दोघांनाही सगळ्याच हव्या होत्या. "अर्धा आवाज घेऊन काय करू?" मुलगी म्हणाली. मुलगा म्हणाला, "तू मोठी, तुला बाबा जास्त मिळाले." शब्दाने शब्द वाढला आणि बहीणभाऊ बोलेनासे झाले. टेपा तोवर विटायला आल्या होत्या. नवऱ्याच्या एका दोस्ताने त्या या कॉम्प्युटरमध्ये भरून दिल्या, आणि मावशीने निकाल दिला, "हे मशीन इथून हलणार नाही. कुणी हात लावायचा नाही. ऐकायचं त्यानं इथं यावं."

तेव्हापासून एक रविवार मुलीचा, एक रविवार मुलाचा. यायचे, ऐकायचे, जेवून जायचे.

त्या दुपारी टायपिंगबाई म्हणाल्या, "आता कॉपी शिकू. मांजरीवर उजवं बटण दाबा. कॉपी म्हणा. आता 'लग्नातले'मध्ये जा."

"मांजर लग्नात?"

"सरावासाठी हो! पेस्ट करा."

मांजर लग्नात आली. मावशीने सवयीने मागे जाऊन जुना डबा रिकामा झाला का ते पाहिलं, आणि तिने तोंडात बोटच घातलं.

"बाई, ही इथंच आहे! मग तिथं कोण गेली?"

"तीच."

"असं कसं? एक खरी असेल, एक नक्कल असेल."

"दोन्ही खऱ्या. तुम्ही पहिली पुसून टाका, दुसरीला पत्ताही लागणार नाही."

"आणि दुसऱ्याला दिली म्हणून पहिलीतलं काही कमी नाही झालं?"

"तसूभरही नाही."

मावशीने पुन्हा पेस्ट केलं. पुन्हा. पुन्हा. 'लग्नातले'मध्ये मांजरीच मांजरी झाल्या. ती हसत सुटली, हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "अहो, तळच नाही याला! कितीही वाढा, पातेलं भरलेलंच! आम्ही मेलो हो पळी मोजून मोजून, आणि इथं बघा!"

"पुरे आता. वऱ्हाडी कमी, मांजरी जास्त झाल्या," बाई म्हणाल्या, पण पेन्सिल काही आपटली नाही. त्याही हसत होत्या.

अचानक मावशीचं हसू थांबलं. तिची नजर 'बाबांच्या टेप'वर गेली होती.

"बाई, आवाजाचीही होते का कॉपी?"

"कशाचीही होते."

मावशीने माउसवरचा हात काढला. म्हणजे ज्याची वाटणी होत नाही म्हणून घरात दोन तोंडं दोन दिशांना झाली, ते दोघांनाही सगळंच्या सगळं देता आलं असतं. पोरांना कॉम्प्युटर येत होता, त्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. पण आई हात लावायचा नाही म्हणाली म्हणजे नाही, अशाच धाकात तिने त्यांना वाढवलं होतं. साऱ्या कारखान्याला सारखं वाढणारी बाई घरात मात्र पातेल्यावर झाकण ठेवून बसली होती! तिला स्वतःची लाज वाटली. आणि त्या लाजेच्या पाठोपाठ जे मनात आलं, त्याने तिला पुन्हा तोच पातेल्याचा तळ दिसला.

"बाई, एकदा दिलं की मग ती येतील का हो इकडे?"

टायपिंगबाईंनी कपातला शेवटचा घोट घेतला. "ते मला नाही सांगता येणार. मला टायपिंग येतं."

मावशीने दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. रविवारची खोली तिच्या डोळ्यांसमोर येई. ती एकटी, समोर मशीन, दारावर थाप नाही. पण द्यायचं तर होतंच. भुकेल्यासमोर झाकण धरून बसणं तिच्या हाडात नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने दोघांना फोन केला. "या रविवारी दोघंही या. एकत्र. आणि येताना पेनड्राइव्ह आणा."

"कशाला गं?" मुलीने विचारलं.

"आण म्हटलं की आणायचा!"

रविवारी दोघं आली. जिन्यातच गाठ पडली असावी, कारण दोघांचेही चेहरे घट्ट होते. मुलीने किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवून दिला. मुलगा म्हणाला, "एक मिनिट, माझा गाडीत असतो," आणि खाली जाऊन घेऊन आला.

"आता ऐका," मावशी उभ्यानेच म्हणाली. तिचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा फुलला होता. "तुमच्या बाबांचा आवाज आज दोघांना देणार. सगळा. तुलाही सगळा, यालाही सगळा, आणि माझ्याकडचा तसूभर कमी होणार नाही. ह्याला कॉपी म्हणतात."

मुलीने खिडकीबाहेर पाहिलं. मुलाने पायातल्या मोज्यांकडे पाहिलं.

"माझी मी करणार. मागे उभं राहून कुणी शिकवायचं नाही. जा, चहा टाका दोघं."

स्वयंपाकघरातून साखरेच्या डब्यावरून हुज्जत ऐकू येऊ लागली. मावशीने मुलीचा पेनड्राइव्ह लावला. 'बाबांच्या टेप'वर उजवं बटण दाबलं, कॉपी म्हटलं. मग पेनड्राइव्हच्या चित्रावर उजवं बटण दाबून पेस्ट. बोट एकदाही भलत्या बटणाकडे गेलं नाही.

पडद्यावर एक चौकट आली. मावशीने चष्मा नीट करून अक्षर अक्षर लावत वाचली. याच नावाच्या फाइली तिथे आधीपासून आहेत. त्यांच्या जागी या ठेवायच्या का?

आता काय चुकलं? भलत्याच डब्यात टाकलं की काय? तिने रद्द केलं आणि पेनड्राइव्ह उघडला. ऑफिसचे कागद, नातवाचे फोटो, आणि त्यांच्यामध्ये 'बाबांच्या टेप'. शेजारी तारीख होती. तारखा बघायला बाईंनी शिकवलंच होतं. ही तारीख होती तिने निकाल दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारची, ज्या दिवशी मुलगी एकटी बसून टेप ऐकत होती आणि मावशी कोपऱ्यावरून दूध आणायला गेली होती.

तिने मुलाचा पेनड्राइव्ह लावला. पुन्हा तेच केलं. पुन्हा तीच चौकट. तारीख बरोबर पुढच्या रविवारची. हा त्याच्या गाडीत असायचा, म्हणजे हा पोरगा रोज कामावर जाता-येता बापाच्या गोष्टी ऐकत होता.

मावशी पडद्याकडे बघत राहिली. दोघांची ताटं केव्हाच भरलेली होती, आणि तरी इतकी वर्षं, एकाआड एक रविवार, पावसापाण्यात, तापाखोकल्यात, ती येत राहिली होती. मग ती यायची कशाला? उत्तर इतकं सोपं होतं की तिने कपाळावर हात मारला. आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. चौकटीवर रद्द म्हणून तिने ती मिटवली.

मुलं चहा घेऊन आली. मुलाने तिच्याकडे न बघता विचारलं, "झालं का गं?"

"छे!" मावशी म्हणाली. "आज मशीन ऐकायलाच तयार नाही. पुढच्या रविवारी बघू. दोघंही या."

"काही घाई नाही," दोघं एकदम म्हणाली, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकांकडे बघून हसली.

मावशीने ज्याचा त्याला पेनड्राइव्ह परत दिला आणि एक टेप लावली. आधी खरखर आली, मग त्याचा घसा खाकरण्याचा आवाज. गोष्ट सुरू करण्याआधी त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ये की तूही! भांडी काय पळून जातायत?" दुरून मावशीचा तरुणपणीचा आवाज आला, "आलेच, तुम्ही करा सुरू." त्या दिवशी काही ती गेली नव्हती. भांडी बरीच होती, आणि टेप संपली तरी ती आतच होती.

तिने चहाचा कप खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि दोघांच्या मध्ये बसली.