शिशाचे नाकेदार

फिन्टन मॅकआर्डल हा माझ्या बहिणीचा, असम्प्टाचा नवरा. डंडॉकहून न्यूरीला जाणाऱ्या रस्त्यावर आपली आयरिश हद्द संपून ब्रिटिशांकडं राहिलेल्या उत्तरेची सुरू होते तिथं पूर्वी कस्टमचा नाका होता. त्या नाक्यावर फिन्टननं एकवीस वर्षं काढली. ब्याण्णव साल संपलं त्या रात्री नाका कायमचा उठला आणि गाव रस्त्यावर येऊन नाचलं. फिन्टन मात्र घरात बसून बुटांना पॉलिश करत होता. उद्या ते घालून जायचं कुठं, हे त्याला कुणी विचारलं नाही.

पुढची वर्षं खात्यानं त्याला टेबलावर बसवलं, मग तो निवृत्त झाला, आणि गाडी ठेवायच्या खोलीत त्यानं तो नाका पुन्हा उभारायला घेतला. मूळच्या शहात्तराव्या भागाएवढा. पत्र्याची शेड, वर-खाली होणारा दांडा, मागून धावणारी बेलफास्टची रेल्वे, चिखलात रुतलेला दुधाचा ट्रकसुद्धा. दहा वर्षं खपून सगळं तयार झालं, फक्त माणसं राहिली होती. नाक्यावर नाकेदारच नाहीत!

अशी माणसं इंग्लंडात लेस्टरला राहणारे पेटिफर नावाचे एक म्हातारबुवा शिशात ओतून द्यायचे. बोटाच्या पेराएवढा माणूस, पण कोटाची बटणं मोजून घ्या. फिन्टननं तीन कस्टमवाले आणि एक कुत्रा सांगितला. पण पेटिफर कामाला सावकाश. त्यांचं ओतकाम होईतो इंग्लंड युरोपातून बाहेर पडलं होतं आणि काल घरपोच येणारं पाकीट आज परदेशी माल झालं होतं.

पहिलं पाकीट अर्ध्या वाटेवरून परत गेलं. पेटिफरबुवांनी कागदावर लिहिलं होतं, "माणसं – तीन. कुत्रा – एक."

"बरोबरच आहे," फिन्टन म्हणाला. "कशाची माणसं? कुठं बनली? वजन किती? मी असतो तरी परत धाडलं असतं."

दुसऱ्या वेळी बुवांनी लिहिलं, "कस्टम अधिकारी, तीन नग, इंग्लंडात बनवलेले." तेही परत गेलं. आमच्या असम्प्टाला चहाचा ठसका लागला. "फिन्टन, तुझ्या कस्टमवाल्यांना कस्टमनंच अडवलं रे!"

"हसण्यासारखं काय आहे त्यात? नियम म्हणजे नियम."

त्यानं पेटिफरना फॉर्म कसा भरावा यावर चार पानी पत्र लिहिलं, रकान्यांच्या आकृत्या काढून. उत्तर एका ओळीचं आलं. "साहेब, माझं वय एक्याऐंशी. तुमच्या देशात मी आता काही पाठवणार नाही. उत्तरेत तुमचं कुणी आहे का? तिकडं अजून नुसतं तिकीट लावून जातं."

उत्तरेत, म्हणजे न्यूरीला. आमच्या गावातली निम्मी माणसं तेव्हा हेच करत होती. पाकीट न्यूरीतल्या दुकानाच्या पत्त्यावर मागवायचं आणि वीस मिनिटं गाडी हाकून घेऊन यायचं. पण तसलं दुकान जवळपास एकच, आणि ते डिम्फ्ना हॅनराटीचं.

फिन्टननं तीन आठवडे त्या दुकानाचं नाव काढलं नाही. कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. डिम्फ्ना मूळची आमच्या डंडॉकची. अठ्ठ्याहत्तर साली तिचं लग्न ठरलं तेव्हा लग्नाचा झगा न्यूरीत स्वस्त म्हणून तिनं तिथून घेतला आणि जकात चुकवायला अंगात घालून वर रेनकोट चढवून बसमध्ये बसली. मे महिना, लख्ख ऊन, आणि रेनकोटाखालून चार बोटं पांढरी लेस. फिन्टननं तिला उतरवलं. झगा जप्त. ती जकात भरायला तयार होती, पण कागद डब्लिनला जाऊन यावे लागतील असं त्यानं सांगितलं. कागद मंगळवारी आले. लग्न आधीच्या शनिवारी झालं, चुलतबहिणीच्या झग्यात, आणि चुलतबहीण तिच्याहून चांगली सहा इंच उंच.

शेवटी असम्प्टानंच परस्पर पेटिफरना न्यूरीचा पत्ता कळवला. पाकीट आल्याचा निरोप मिळाल्यावर फिन्टन मला म्हणाला, "मास्तर, तू चल बरोबर." मी शाळेत भूगोल शिकवायचो. हद्दी बदलल्या की नकाशे बदलून शिकवायचे, एवढाच माझा या विषयाशी संबंध.

डिम्फ्ना काउंटरमागे सोडा ब्रेडचा तुकडा खात बसली होती. पासष्टीची, केस आखूड, चष्मा दोरीला. फिन्टनला पाहून तिनं हात झटकले आणि चष्मा लावला.

"या. नाव?"

"डिम्फ्ना, मी—"

"नाव विचारलं मी."

"फिन्टन मॅकआर्डल."

"ओळखपत्र?"

त्यानं लायसन पुढं केलं. तिनं ते उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. "यावर तर मॅक आर्डगल आहे. फिओन्टान मॅक आर्डगल. आणि पाकिटावर मॅकआर्डल. कोण हा माणूस?"

"अगं, तेच नाव आयरिशमध्ये आहे! मी हौसेनं करून घेतलं."

"हौस चांगली आहे. पण मला काय माहीत? उद्या खरा मॅकआर्डल आला तर मी काय करू? विजेचं बिल घेऊन या."

मी मध्ये पडायला गेलो. "डिम्फ्ना, चाळीस वर्षं तू ओळखतेस याला."

"ओळखते म्हणूनच म्हणते, मास्तर. यांना नियमाबाहेरचं काही आवडत नाही."

 येताना हद्द ओलांडल्यावर फिन्टन म्हणाला, "काम पद्धतशीर आहे तिचं."

पुढच्या गुरुवारी बिल घेऊन गेलो, तर बिल असम्प्टाच्या नावावर. त्याच्या पुढच्या गुरुवारी असम्प्टाच आली, लग्नाचा दाखला पर्समध्ये घालून. डिम्फ्नानं दाखला शांतपणे वाचला.

"एकाहत्तर साल. झगा कुठला होता गं तुझा?"

"आईनं शिवलेला."

"नशीबवान आहेस." तिनं दाखला घडी करून परत दिला आणि आतून पाकीट आणून काउंटरवर ठेवलं. पण हात काढला नाही.

फिन्टन पाकिटाकडे बघत होता. मग घसा साफ करून म्हणाला, "डिम्फ्ना, ते कागद डब्लिनला पाठवायची गरज नव्हती."

"काय?"

"त्या दिवशी. पावती मी तिथल्या तिथं फाडू शकत होतो. माझ्या हातात होतं. तू बसमधून उतरताना मला... तू मला शिवी दिलीस. सगळ्यांसमोर."

असम्प्टा माझ्याकडे बघायला लागली. हे तिलाही माहीत नव्हतं.

"दिली होती," डिम्फ्ना म्हणाली. "चांगलीच दिली होती. आठवते का?"

"शब्दन् शब्द."

तिनं चष्मा काढून दोरीवर सोडला. बाहेर एक लॉरी मागं घेताना टिटी टिटी वाजत होती, ती थांबली.

"मला वाटायचं नियमच तसा असेल," ती म्हणाली. "त्रेचाळीस वर्षं मी नियमाला शिव्या घालत आले, बाबा. तुला घालायच्या राहिल्याच की."

"घाल. मी थांबतो."

तिनं घातल्या. मी पुष्कळ वर्षं शाळेत काढली आहेत, पण त्यातल्या दोन मला नवीन होत्या. फिन्टन टोपी हातात घेऊन उभा होता. झाल्यावर ती आत गेली, किटली लावल्याचा आवाज आला, आणि चौघांसाठी चहा आला. झग्याचं पुढं काय झालं ते असम्प्टानं विचारलं. मुलांच्या बाप्तिस्म्याचे अंगरखे झाले म्हणे, चार. उरल्या कापडाचा एक पडदा.

पाकिटाचे दुकानाचे दोन युरो झाले. फिन्टननं पाचाची नोट ठेवली. तिनं तीन परत केले आणि पावती फाडून दिली.

परतताना हद्द ओलांडली तशी फिन्टन म्हणाला, "थांबव गाडी." जिथं नाका होता तिथं आता वाढलेलं गवत आहे आणि वेगमर्यादेची पाटी. ती किलोमीटरमध्ये आहे, पलीकडच्या मैलांत, तेवढ्यावरून देश बदलला हे कळतं.

"कशाला थांबायचं?" असम्प्टानं विचारलं.

"माल जाहीर करायचाय."

"कुणाजवळ? त्या गाईजवळ?"

तो उतरून पाटीखाली उभा राहिला, इकडंतिकडं पाहिलं. गाड्या सुसाट जात होत्या. एकीनं हॉर्न मारला. मग परत येऊन बसला आणि चाकूनं पाकीट उघडलं. कापसात गुंडाळलेले तिघं निघाले. एक हात वर करून उभा, एक वहीत लिहितोय, एक कंदील धरून. कुत्रा तर जिवंत वाटत होता. फिन्टननं भिंग लावलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय झालं?"

"टोपीवर राणीचा मुकुट आहे."

पेटिफरबुवांनी मन लावून, एका केसाच्या कुंचल्यानं, तिघांच्या टोप्यांवर तांबडा-सोनेरी मुकुट रंगवला होता. कस्टमवाले पलीकडचे होते.

"म्हणजे," मी म्हटलं, "तू न सांगता-सवरता तीन ब्रिटिश अधिकारी हद्दीत आणलेस."

"आणि कुत्रा," असम्प्टा म्हणाली. "त्याला इंजेक्शन दिलंय का बघ."

फिन्टन हसला. मी त्याला लग्नात हसताना पाहिलं होतं, त्यानंतर हे.

दुसऱ्या दिवशी तो कर भरायला कचेरीत गेलाच. मी बाहेर गाडीत होतो, आत काय झालं ते त्यानंच सांगितलं. काउंटरवरच्या पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, खेळण्यातले सैनिक आहेत ना? घेऊन जा घरी." कर घेतला नाही याचं त्याला काही वाटलं नाही. खेळण्यातले म्हणाली, ते मात्र लागलं.

मुकुट त्यानं खरवडले नाहीत. त्यानं हद्दीची रेघ पुढं नेली, फूटभर नवीन फळी जोडली आणि तिथं पलीकडचा नाका बांधायला घेतला, या तिघांसाठी. आपल्या बाजूच्या शेडमध्ये अजून कुणी नाही. दांडा सध्या वरच असतो. कुणी विचारलं तर फिन्टन सांगतो, भरती चालू आहे.