दिवा हलला नाही

मी भावाचा पाय फोडला हे आमच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. का फोडला तेही ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. वाटू दे.

आमचा मांचादो म्हणजे नागडा डोंगर. वर तांबूस, मध्ये तांब्यानं हिरवट, खाली पिवळा. गवताची काडी औषधालाही नाही. आताकामा वाळवंटात पाऊस कुठला पडायला! कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी सुपासारखी सपाटी पसरलीय, तिच्यावर आम्हा खाणवाल्यांची मातीची घरं. संडासाचा खड्डा खणताना मला चिखल, धोंडे, पुन्हा चिखल असे पाच थर लागले. चौथ्यात शेळीची कवटी. धाकट्या भावाला, रेमिहिओला, ओढत नेऊन दाखवलं.

"ही जमीन नव्हे रे. पाच वेळा डोंगर खाली आलाय."

"सहाव्यांदा आला की मला उठव," म्हणाला आणि हसत गेला, गाढव.

पुढे तांब्याच्या एका शिरेवरून जुंपली आणि त्यानं सुरीनं माझा डावा कान उतरवला. सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. त्याची बायको सुनिल्दा तेवढी चोरून पाव आणून द्यायची. "भावजी, शिळा आहे, नखरे करू नका." चांगली होती हो बिचारी.

त्या सकाळी मी दारात बसून दगड फोडत होतो. फोडायचा, चाटायचा, ओला झाला की रंग बघायचा. डोंगराच्या माथ्यावर दोन दिवस काळा ढग बसला होता आणि वस्तीला त्याचं कोण कौतुक! एकदम जमिनीतून घरघर आली.

"भूकंप! भूकंप!" वस्ती ओरडत सुटली.

आमच्याकडे हे आईच्या दुधाबरोबर शिकतात: हादरा आला की भिंती सोडायच्या आणि ओढ्याच्या रुंद पात्रात जाऊन उभं राहायचं. पाय आपोआप पळतात. मीही उठलो. तेवढ्यात खिळ्याला टांगलेला खाणीचा दिवा दिसला. भूकंपात सगळ्यांच्या आधी तोच डोलतो. आज ढिम्म होता. आणि नाकात ओल्या मातीचा वास!

"ओढ्यात जाऊ नका! चिखल येतोय! वर चढा!"

कानतुट्याचं कोण ऐकतो?

ओढ्याची वाट माझ्या दारावरूनच. आधी सुनिल्दा गेली. तिचा घागरा माझ्या गुडघ्याला घासला. दहा पावलं मागे रेमिहिओ. हातोडा माझ्या हातात होता. मी त्याच्या नडगीवर घातला. हाड वाजलं.

"हलकटा! आत्ता सूड उगवतोस?" पडल्या पडल्या त्यानं सुरी काढून माझ्या मांडीत दोनदा खुपसली. मी त्याची कॉलर धरून त्याला घरामागच्या चढावर ओढला. तो माझ्या मनगटाला चावला, शिव्या घातल्या, मी थोबाडीत दिली आणि ओढत राहिलो.

मग आला. चिखल कसला, तांबडी भिंतच, आणि तिच्यात ट्रकएवढे धोंडे एकमेकांवर आपटत होते. पात्रातली माणसं डोंगराकडे पाठ करून आपापली घरं कधी पडतात ते बघत उभी होती. सुनिल्दा हात हलवून नवऱ्याला बोलवत होती, "अहो, या ना लवकर!"

पुढचं आम्ही दोघांनी पाहिलं. मी ते सांगणार नाही.

आता रेमिहिओ माझ्याच खोलीत राहतो. पाय वाकडा जुळलाय. सुनिल्दा फार पुढे गेली होती, हात पोचला नाही, असं मी वस्तीला सांगितलंय. चार महिने झाले. काल चहा पिताना म्हणाला, "उबाल्दो, ती तुझ्या दारावरून आधी गेली ना?"

"हो."

"हातोडा तेव्हाही हातात होता?"

"होता."

"मग?"

त्याच्यापुढे खोटं तोंडातून निघेना.

"मला तुझाच पाय दिसत होता रे. कान गेल्यापासून सहा वर्षं तोच दिसत होता."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग भिंतीला धरून उठला, लंगडत कोपऱ्यात गेला आणि हातोडा घेऊन माझ्यासमोर बसला.

मी पाय लांब केला.