तीस टक्के सरकारी घरातला काकाकुवा

मित्रांनो, मी एक म्हातारा काकाकुवा आहे. अंग पांढरं, तुरा पिवळा, चोच काळी आणि स्वभाव तापट. माझं वय चाळीस. आमची जात सत्तरी सहज गाठते, तेव्हा अजून बरीच वर्षं शिल्लक आहेत. पण दोन वर्षांमागे कित्येक महिने एका घराच्या कागदपत्रांनी खाल्ले. तो संताप माझ्या तुऱ्यातून अजून उतरलेला नाही. तुम्हीच ऐका आणि सांगा, माझं काही चुकतं का.

माझा जन्म टास्मानियाच्या जंगलात, एका उंच निलगिरीच्या ढोलीत झाला. बर्नी गावच्या कागद गिरणीसाठी ते झाड तोडलं गेलं आणि ओंडक्यासकट मी गिरणीच्या आवारात येऊन पडलो. अंगावर एक पीस नव्हतं. मर्विन नावाच्या कामगाराने ढोलीत हात घालून मला बाहेर काढलं, टोपीत ठेवलं आणि घरी नेऊन बोटाने लापशी भरवली. पंख फुटले तसा मी दिवसभर ओरडू लागलो. गिरणीतला फोरमनसुद्धा याच्याहून कमी ओरडतो, असं मर्विन म्हणायचा. म्हणून माझं नावच 'फोरमन' पडलं.

मर्विनने तेहेतीस वर्षं कागद तयार केला, पण स्वतःच्या घराचा कागद काही त्याच्या हाती आला नाही. तो भाड्याच्या घरात जगला आणि भाड्याच्याच घरात गेला. मग माझा पिंजरा त्याच्या मुलीकडे, डेल्विनकडे आला.

डेल्विन बावन्न वर्षांची आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते, एकटी राहते, फार बोलत नाही. तिच्याकडे आल्यावर नऊ वर्षांत आम्ही चार घरं बदलली. यात माझाही दोष आहे, तो लपवत नाही. काकाकुव्याची चोच जन्मभर वाढत राहते. लाकूड कुरतडलं नाही तर ती वाकडी होते. डेल्विन मला फांद्या आणून द्यायची, पण खिडकीच्या चौकटीची चव फांदीला नसते. प्रत्येक घर सोडताना मालक चौकटी बघायचा आणि डिपॉझिट कापून घ्यायचा. डेल्विन मला एका शब्दाने बोलायची नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

चौथ्या घराच्या मालकाने घर विकायला काढलं आणि आम्हाला नोटीस आली. त्या दिवसांत गावात भाड्याचं घर मिळणं म्हणजे दिव्य होतं. एकेका घरापुढे तीस-तीस माणसं रांगेत उभी. डेल्विन अर्जात खरं ते लिहायची.

"एक पक्षी, असं लिहिलंय तुम्ही," एक एजंटबाई तिला म्हणाली. "लव्हबर्डसारखं काही असेल ना?"

"त्याहून जरा मोठा आहे," डेल्विन म्हणाली.

मी रस्त्यापलीकडे गाडीत होतो. तेवढ्यात समोरून एक कुत्रा गेला आणि मी माझं मत मोठ्याने सांगितलं. एजंटबाईच्या हातातली फाइल खाली पडली.

"जरा?" ती म्हणाली.

ते घर आम्हाला मिळालं नाही. पुढची सहाही मिळाली नाहीत.

धुलाईघरातल्या एका बाईने डेल्विनला सरकारी योजनेबद्दल सांगितलं. घराच्या किमतीतले शंभरातले तीस हिस्से सरकार घालणार. तेवढ्या हिश्शावर व्याज नाही. पण घर विकलं की आलेल्या पैशातले तीस टक्के सरकारचे, भाव चढलेला असो की पडलेला. उरलेल्या सत्तरासाठी थोडे स्वतःचे पैसे आणि बाकी बँकेचं कर्ज. एकट्या डेल्विनला अख्ख्या घराचं कर्ज कुणी देत नव्हतं, पण एवढं मिळण्यासारखं होतं. तिने अर्ज केला आणि योजनेची प्राथमिक मंजुरी आली.

तिचा थोरला भाऊ गार्थ हे ऐकून पोट धरून हसला. "सरकारबरोबर भागीत घर? मग संडास कुणाच्या वाट्याला? आणि मंत्री नाताळला जेवायला आले तर खुर्ची देणार की तीस टक्के खुर्ची?"

"तू हस," डेल्विन म्हणाली. "तुझ्या बायकोच्या बापाने तुम्हाला घर दिलं. माझ्या बापाने मला फोरमन दिलाय."

गार्थने पोटावरचा हात काढला.

आता माझ्या वैतागाचं खरं कारण. मित्रांनो, घर शोधणं अवघड असतं असं मला वाटत होतं. घर सापडणं ही तर सोपी गोष्ट निघाली.

पहिलं घर टेकडीवर होतं. तिथून समुद्र दिसायचा. डेल्विनने होकार दिला, मालकानेही दिला. मग सरकारचा माणूस मूल्यांकन करायला यायचा होता. तो आला पाचव्या आठवड्यात. त्याचा अहवाल आला सातव्या आठवड्यात. तोवर समुद्रापलीकडच्या मेलबर्नच्या कुणीतरी फोनवर फोटो बघून रोख पैशात ते घर घेऊन टाकलं होतं.

दुसरं घर फळ्यांचं, लाकडी खुंटांवर उभं. तपासणीत त्यातले पाच खुंट कुजलेले निघाले. योजनेचे लोक म्हणाले, आधी खुंट बदला, मग आम्ही पैसे देतो. मालक म्हणाला, आधी पैसे द्या, मग मी खुंट बदलतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि आम्ही दोघं मधल्या मध्ये लोंबकळत होतो. शेवटी तेही घर हातचं गेलं.

तेवढ्यात नोटिशीची मुदत संपली. आमच्याकडे जुलैत हिवाळा असतो; त्या कडाक्याच्या थंडीत आम्ही गार्थच्या मागच्या शेडमध्ये राहायला गेलो. एका बाजूला गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला डेल्विनची खाट, मध्ये मी. घरात एक खोली रिकामी होती, पण गार्थच्या बायकोला माझ्या पिसांचा दमा होता. डेल्विन एकटी आत झोपू शकत होती. ती झोपली नाही.

"ऐक माझं," एका सकाळी चहाचा कप तिच्या हातात देत गार्थ म्हणाला. "याला पक्षी उद्यानात देऊन टाक. तिथं याच्या जातीचे पन्नास आहेत. तुला उद्या भाड्याचं घर मिळेल. एका पाखरापायी किती हाल करून घेशील?"

डेल्विन कपाकडे बघत राहिली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतका गप्प कधी बसलो नव्हतो.

"बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना आपली नावं आठवत नव्हती," ती म्हणाली. "तुझं नाही, माझं नाही. याचं आठवत होतं. याला मी कुठं सोडू, सांग."

गार्थने दुसऱ्या दिवशी शेडमध्ये हीटर आणून लावला. पुन्हा त्याने पक्षी उद्यानाचं नाव काढलं नाही.

तिसरं घर एका चढावरच्या गल्लीत होतं. मालकीण हेंड्रिका नावाची डच म्हातारी होती. ती आपल्या मुलीकडे राहायला जाणार होती. त्या दिवशी डेल्विन मला पिंजऱ्यासकट आत घेऊन गेली. लपवालपवीचा तिला कंटाळा आला असावा. तिने ओटा बघितला नाही, नळ सोडून बघितले नाहीत. ती सरळ खिडकीपाशी गेली आणि चौकटीवर नखाने टकटक केलं. टण्‌ असा आवाज आला. मग दुसऱ्या खिडकीवर. मग तिसऱ्या.

"सगळ्या ॲल्युमिनियमच्या आहेत?" तिने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने बसवल्या," हेंड्रिका म्हणाली. "फार कुरूप आहेत. सगळे नावं ठेवतात."

"नाही हो, फार छान आहेत," डेल्विन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. म्हातारी बुचकळ्यात पडली. मग तिने माझ्या चोचीकडे बघितलं आणि तिला कळलं.

माझ्याकडे बघून कुणी घर पसंत केल्याची ती पहिलीच वेळ होती. मी एक अक्षर ओरडलो नाही.

पण कागद कुठं ऐकतात? आता नवीच गाठ बसली. बँक म्हणायची, सरकारची अंतिम सही आल्याशिवाय आम्ही कर्जाचं पत्र देत नाही. सरकारी कचेरीतला कॅलम म्हणायचा, बँकेचं पत्र आल्याशिवाय आम्ही अंतिम सही करत नाही. तीन आठवडे डेल्विन जेवणाच्या सुट्टीत यांना फोन करायची आणि त्यांना. हेंड्रिकाच्या एजंटने तर तिला दुसरं गिऱ्हाईक आणून दिलं, जास्त पैशाचं आणि रोखीचं. म्हातारीने विचारलं, "त्याने घर बघितलं का?" एजंट म्हणाला, "फोटो बघितलेत." "मग त्याला फोटो विका," म्हातारी म्हणाली. तरीही महिनाअखेरच्या पुढे तिला थांबता येणार नव्हतं. मुलीने सामानाची गाडी ठरवली होती.

त्यात कॅलमचा फोन आला. "डेल्विन, एक सांगायचं राहिलं. तुमची प्राथमिक मंजुरी शुक्रवारी संपते. नव्याने अर्ज करावा लागेल."

"संपते? का संपते?"

"तीन महिने झाले ना."

"अहो, पण ते तीन महिने तुम्हीच घेतलेत!"

"हो, ते दिसतंय मला इथं," कॅलम ओशाळून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. तीच तर पंचाईत होती. यात वाईट माणूस कुणीच नव्हता, मग चावायचं कुणाला?

डेल्विन म्हणाली, "फोन ठेवू नका." तिने गार्थला हाक मारली, त्याचा फोन मागून घेतला आणि त्यावरून बँकेतल्या बाईला लावला. दोन्ही फोनचे आवाज मोठे केले आणि दोन्ही फोन माझ्या पिंजऱ्यावर समोरासमोर ठेवले.

"हे कॅलम. या बँकेच्या बाई," ती म्हणाली. "मी तीन आठवडे तुमचे निरोप पोचवतेय. आता तुम्हीच एकमेकांशी बोला. मी इथंच बसलेय."

दोन्हीकडे सामसूम. मला ते सहन झालं नाही. मी तुरा उभारला आणि उभ्या जन्मात ओरडलो नव्हतो असा ओरडलो.

"अरे देवा, कोण आहे ते?" बँकेची बाई म्हणाली.

"फोरमन," डेल्विन म्हणाली.

"कामावरचे?" कॅलमने दबकत विचारलं. "फार चिडलेत का?"

"फार," डेल्विन म्हणाली.

गार्थने तोंडावर हात दाबला आणि तो शेडबाहेर पळाला.

"हे बघा," बँकेची बाई घसा साफ करून म्हणाली, "सरकारच्या सहीच्या अटीवर म्हणून मी पत्र आजच देऊ शकते. चालेल का कॅलम?"

"चालेल की. अटीचं पत्र असलं तरी चालतं."

"मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" डेल्विनने विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत," कॅलम म्हणाला.

मित्रांनो, चार मिनिटं. तीन आठवडे अडलेलं काम चार मिनिटांत झालं. गुरुवारी सही झाली, आणि महिना संपायच्या आत हेंड्रिकाने किल्ली डेल्विनच्या हातात ठेवली. जाताना तिने माझ्या पिंजऱ्यात एक डच बिस्किट टाकलं. ते मला आवडलं नाही, पण मी खाल्लं.

या घरात आता दोन हिवाळे झाले. बैठकीच्या खोलीत मर्विनचा फोटो लावताना डेल्विनने भिंतीत खिळा ठोकला आणि सवयीने दाराकडे वळून बघितलं. कुणी मालक ओरडत आला नाही. पहिल्याच पावसाळी आठवड्यात पन्हळ तुंबली आणि पाणी छतातून आत गळू लागलं. तिने कॅलमला फोन लावला.

"तीस टक्के घर तुमचं आहे ना? मग पन्हळीचं काय?"

"मालकी तीस टक्के," कॅलम म्हणाला, "देखभाल मात्र शंभर टक्के तुमची. करारात आहे, पान एकोणीस."

डेल्विनने फोन ठेवला आणि मर्विन गिरणीत शिकला असेल अशी एक शिवी दिली. ती मी लगेच पाठ केली. मग ती शिडी लावून वर चढली आणि हाताने कुजका पाला उपसू लागली. गार्थ येऊन खाली शिडी धरून उभा राहिला. तिथूनच तो कुठला पाला राहिलाय ते सांगत होता, आणि ती वरून त्याच्या डोक्यावर टाकत होती. दोघं इतकं हसलेली मी लहानपणानंतर पाहिली नव्हती.

खाली उतरल्यावर तिने ओले हात पुसले आणि घरातून एक कागद आणला. माझ्यानंतर फोरमनला कोण सांभाळणार, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली एक ओळ रिकामी होती.

गार्थने कागद वाचला. माझ्याकडे बघितलं. मीही त्याच्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "एकच ओळ? खाली अजून एक आख. हा सत्तरीपर्यंत जगणार. मी काय अमर आहे?"

"शेडमधला हीटर आहेच," म्हणत पहिल्या ओळीत त्याने सही केली. दुसरीत आपल्या मुलीचं नाव घातलं आणि तिथूनच तिला फोन करून विचारलं. ती हो म्हणाली.

मित्रांनो, घर सत्तर-तीस वाटून घेता येतं, ते मी बघितलं. पन्हळ मात्र वाटून साफ करता येत नाही. आणि जिवंत प्राणी तर मुळीच वाटून घेता येत नाही. आम्ही तुमच्याहून जास्त जगतो, तुमच्या चौकटी खातो, नको तेव्हा ओरडतो. म्हणून आमच्यापैकी कुणाला घरी आणायचं मनात आलं, तर आधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्यामागे त्याचं कोण करणार त्यांची नावं लिहा. नावं सुचली नाहीत, तर पिंजरा विकत घेऊ नका. एवढंच माझं मागणं आहे. ते पाळायला कुणाची मंजुरी लागत नाही.