घाटाच्या दिवशीचे टाके

व्हिक्टोरियाबाई सुनेशी बोलत नव्हती. भांडण म्हणावे तर झालेच नव्हते. ठाण्याच्या खाडीलगत घरची भातशेती असताना तिचा एकुलता एक मुलगा बेसिल ती सोडून रेल्वेत आगवाला झाला, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकू लागला. हे खूळ नव्या सुनेनेच त्याच्या डोक्यात भरवले, असे तिने ठरवून टाकले. सासूने एकदा ठरवले की पुरावा कोण मागतो?

सून व्हेरोनिका मुकाट्याने विणत बसे. बेसिल कल्याणहून इंजिनाबरोबर कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला जाई आणि दुसऱ्या दिवशी परते. पुढे भट्टी, पाठीला घाटातला गार वारा. गेल्या हिवाळ्यात खोकून खोकून तो बेजार झाला होता. लोंबता मफलर भट्टीपाशी धोक्याचा, म्हणून ती डोक्यातून घालायची बंद गळपट्टी विणत होती, चार सुयांवर गोल. चौकडा लाल-पांढरा, थेट सासूच्या लुगड्याचा. ती घालून बेसिल निघाला की आय, म्हणजे सासू, एक शब्द तरी बोलेल, एवढीच तिची आशा.

वीण तशी सोपी. एका फेरीला एकच रंग घ्यायचा, दुसऱ्या रंगाचे टाके न विणता नुसते या सुईवरून त्या सुईवर उचलायचे आणि लोकर त्यांच्या मागून न्यायची. मागची लोकर सैल सोड, नाहीतर कापड आवळतं, असे वांद्र्याच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी बजावले होते. तिला ते पाठ होते. हातांना नव्हते.

जानेवारीतल्या एका सकाळी कामावर निघताना बेसिलने पट्टी डोक्यात घातली. ती कपाळाशी अडली, आणि ओढूनही खाली येईना.

"अगं, ही मांजराला घाल!" तो हसला, पट्टी बाकावर ठेवली आणि आईला नमस्कार करून गाडी गाठायला पळाला.

व्हेरोनिकाचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांची मेहनत मातीत गेली होती. ती उसवायला बसणार, तेवढ्यात सासूने पट्टी उचलली, उलटीसुलटी केली. मधल्या एका पट्ट्यात लालऐवजी निळी लोकर होती, आणि तिथे पट्टी चांगली रुंद होती.

"ह्यो निळा नाताळचा काय गो?"

इतक्या महिन्यांनी आलेला हा पहिला शब्द. व्हेरोनिका गडबडली. "हो आय. लाल लोकर सरलेली. तवा ते सुट्टीला घरान होते."

सासूचे बोट वर सरकले. अरुंद, जरा रुंद, पुन्हा अरुंद.

"न् ह्यो आवळलेला?"

"तवा ते घाटान होते." हे बोलेपर्यंत तिचे तिलाही कळले नव्हते. मग सगळेच बाहेर आले. "मी नाय धाडलं त्यांना रेल्वेन, आय. ते घाटान गेले का माना लय भ्या वाटतं, हात आवळतात."

बेसिल घाटात असे त्या रात्री व्हिक्टोरियाबाईही जागीच असे. हे तिने कधी कोणाला सांगितले नव्हते. ती सुनेसमोर बसली आणि उसवत येणारी लोकर गुंडाळायला दोन्ही हात पुढे केले.

दुपारपर्यंत लोकरीचे गुंडे तयार झाले. व्हेरोनिकाने सुया हातात घेतल्या. सासूने त्या अलगद काढून घेतल्या.

"आज नको, पोरी. आज घाटान हाय तो. उद्या आला का मग इण."